बुद्धीची मोजपट्टी : माणूस, प्राणी आणि यंत्र

दहावी-बारावीचे निकाल लागले की खेड्यापाड्यांत आणि शहरातील वॉर्डावॉर्डांत दोन शब्द वारंवार कानी पडतात. एक ‘हुशार’ आणि दुसरा ‘ढ’. ज्याला अधिक गुण मिळाले तो हुशार आणि जो नापास झाला तो ढ, असा सरळ हिशेब आपण मांडतो. याहून घातक असा आणखी एक हिशेब आपल्या देशात चालत आला आहे. अमक्या घराण्यात, अमक्या जातीत बुद्धी जन्मतःच असते आणि अमक्या जातीत ती नसतेच, असा तो हिशेब होय. याच हिशेबाने आपल्या पूर्वजांना शतकानुशतके शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवले. म्हणून बुद्धी म्हणजे काय, ती मोजता येते काय आणि विज्ञान तिच्याविषयी काय सांगते, हा प्रश्न आपल्या मुलामुलींच्या भवितव्याशी थेट जोडलेला आहे.

गेल्या सव्वाशे वर्षांत शास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या, माणसांच्या आणि अलीकडे यंत्रांच्या बुद्धीचा पुष्कळ अभ्यास केला. या संशोधनाचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून येते. बुद्धी मोजायला निघालेल्यांची मोजपट्टीच अनेकदा सदोष होती, आणि ती दुरुस्त केल्यावर निष्कर्षही बदलले. प्रस्तुत लेखात आम्ही हा इतिहास चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना ओळखीच्या वाटतील अशा उदाहरणांसह मांडत आहोत.

घोडा, हत्ती आणि वानर

सुरुवात एका घोड्यापासून करू. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत बर्लिन येथे हान्स नावाचा एक घोडा फार प्रसिद्धीस आला होता. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन हे निवृत्त शिक्षक होते. त्यांनी बेरीज-वजाबाकी विचारली की घोडा खुराने तितके ठोके देई. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या एका समितीने तपासणी केली आणि यात लबाडी नाही असा निर्वाळा दिला. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाने एक साधी युक्ती केली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था त्याने केली. तेव्हा घोडा चुकू लागला. योग्य ठोका येताच प्रश्नकर्त्याची मान, डोळे, चेहरा नकळत किंचित हलत असे आणि घोडा ते हेरून थांबत असे. फुंग्स्टने हे संशोधन १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. घोड्याला गणित येत नव्हते, पण माणसाचा चेहरा वाचण्यात तो माणसापेक्षाही तरबेज होता. परीक्षा एका गोष्टीची घेतली गेली आणि मोजली गेली भलतीच गोष्ट. परीक्षकाच्या स्वतःच्या वागण्याचा उत्तरावर परिणाम होतो, हा पहिला धडा शास्त्रज्ञ या घोड्याकडून शिकले.

दुसरा धडा हत्तीने दिला. हत्ती आपल्याला परके नाहीत. गडचिरोली जिल्ह्यात अहेरी तालुक्यातील कमलापूर येथे वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. त्याशिवाय २०२१ च्या ऑक्टोबर महिन्यात छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तींचा एक कळप जिल्ह्यात उतरला. तेव्हापासून धानाच्या बांध्या तुडवल्या जाणे, घरात साठवलेल्या धानाच्या आणि मोहफुलांच्या वासाने हत्ती वस्तीपर्यंत येणे, हे संकट उत्तर गडचिरोलीतील शेतकऱ्यांच्या वाट्याला आले आहे. हत्तीची बुद्धी किती, हा तेथील लोकांसाठी रोजच्या जगण्याचा प्रश्न झाला आहे.

आता शास्त्रज्ञांनी हत्तीची परीक्षा कशी घेतली ते पाहा. चिंपांझी काठी वापरून लांबचे फळ ओढून घेतो, हे वोल्फगांग कोहलर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात टेनेरिफ बेटावर दाखवून दिले होते. तीच काठीची परीक्षा हत्तीपुढे ठेवली असता हत्ती नापास होत असे. यावरून हत्तीला अशी सूझ नसावी असा निष्कर्ष निघत होता. २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातील कंदुला या सात वर्षांच्या आशियाई हत्तीवर झालेल्या प्रयोगाने तो निष्कर्ष बदलला. संशोधकांनी विचार केला की हत्तीची सोंड म्हणजे त्याचा हात तर आहेच, पण नाकही तीच आहे. काठी पकडायला सोंड वळवली की त्याचे नाकच अडकते. मग त्यांनी आवारात एक मोठा चौकोनी ठोकळा ठेवला आणि फळे उंचावर टांगली. कंदुलाने काही दिवसांनी तो ठोकळा ढकलत फळाखाली नेला, त्यावर पाय दिले आणि फळ काढून घेतले. कोणी शिकवल्याशिवाय हे घडले. आधीच्या परीक्षेत नापास झाले होते ते हत्तीला न शोभणारे साधन.

तिसरे उदाहरण आपल्या जंगलातील प्रत्येक गुराख्याला ठाऊक आहे. वाघ दिसला की झाडावरचे वानर विशिष्ट आवाजात खाकरते आणि खालचे चितळ सावध होतात. पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या बाया हा आवाज ऐकून मागे फिरतात. आफ्रिकेतील व्हर्व्हेट जातीच्या माकडांवर केनियात झालेले संशोधन १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. ही माकडे बिबट, गरुड आणि साप यांच्यासाठी तीन वेगवेगळे आवाज काढतात. ध्वनिमुद्रित केलेला आवाज ऐकवला तरी ‘बिबट’ ऐकून ती झाडावर चढतात, ‘गरुड’ ऐकून वर पाहतात आणि ‘साप’ ऐकून गवतात खाली पाहतात. मधमाशीचेही तसेच आहे. तिच्या मेंदूत साधारण दहा लाख चेतापेशी असतात, माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज. तरीही फुलोरा कोणत्या दिशेला आणि किती दूर आहे हे ती नाचाच्या भाषेत इतर माश्यांना सांगते. ही भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या सर्वांवरून असे दिसते की बुद्धी ही एखादी शिडी नसून तिच्या एका पायरीवर माशी, वर वानर आणि सर्वांत वर माणूस अशी मांडणी करता येत नाही. ज्या प्राण्याला जे जगणे वाट्याला आले, त्या जगण्याला लागणारी बुद्धी त्याच्यात विकसित झाली.

माणसाच्या बुद्धीचे मोजमाप

माणसाची बुद्धी मोजण्याची पहिली उपयुक्त चाचणी फ्रान्समध्ये तयार झाली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना खास शिक्षण द्यावे, या हेतूने १९०४ मध्ये तेथील सरकारने एक आयोग नेमला. आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये ३० प्रश्नांची श्रेणी तयार केली. बिने यांचा हेतू मदतीचा होता. बुद्धी कायमची ठरलेली असते, ती वाढूच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी १९०९ मध्ये स्पष्ट विरोध केला आणि मुलांचे लक्ष, स्मरण व निर्णयशक्ती सरावाने वाढवता येते असे प्रतिपादन केले.

बिने १९११ मध्ये वारले आणि त्यांची चाचणी अमेरिकेत पोहोचून तिचा अर्थ पालटला. तेथे बुद्धिगुणांक हा जन्मजात शिक्का मानला जाऊ लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळात सुमारे १७ लाख अमेरिकी सैनिकांची बुद्धिचाचणी घेण्यात आली. निरक्षरांसाठी चित्रांची वेगळी चाचणी होती. चित्रात काय राहून गेले ते काढून दाखवायचे. एका चित्रात टेनिसचे मैदान होते आणि त्यात जाळी नव्हती. दुसऱ्या चित्रात विजेच्या दिव्यातील तार नव्हती. युरोपातील खेड्यातून नुकत्याच आलेल्या, टेनिस कधी न पाहिलेल्या मजुराने याचे उत्तर काय द्यावे? परंतु त्याला कमी गुण पडले आणि त्यावरून काही देशांचे लोक मुळातच मंदबुद्धी आहेत असा निष्कर्ष काढला गेला. कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये पुस्तक लिहून हे मत मांडले. १९३० मध्ये त्यांनीच आपले निष्कर्ष निराधार असल्याचे मान्य केले. मात्र दरम्यान १९२४ मध्ये परकीयांना रोखणारा कायदा अमेरिकेत होऊन गेला होता.

येथे आम्ही वाचकांना एक कल्पना करून पाहण्यास सांगतो. समजा, भामरागडच्या एखाद्या माडिया कुटुंबाने बुद्धिचाचणी तयार केली. ओल्या मातीतील ठसा कोणत्या जनावराचा आणि किती वेळापूर्वीचा? तेंदूचे पान कोणत्या अवस्थेत तोडावे? पुरात नदी कोठून ओलांडता येते? या परीक्षेला मुंबई-पुण्याचे किती प्राध्यापक उत्तीर्ण होतील? ते नापास झाले म्हणून त्यांना कोणी ढ म्हणणार नाही. मग मराठी ही घरची भाषा नसलेल्या माडिया मुलाने पहिलीच्या वर्गात मराठीतील प्रश्नाचे उत्तर दिले नाही, तर त्याला तसे का म्हणावे?

ही अडचण आपल्या देशातील अभ्यासकांच्या ध्यानात आली होती. धारवाड भागात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी कानडी व मराठी भाषिक मुलांसाठी बिने चाचणीत बदल केले. त्यांचे संशोधन १९३४ मध्ये आणि पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. परक्या वस्तू आणि परकी वाक्ये काढून येथील मुलांच्या ओळखीचे प्रश्न त्यात घातले गेले. ‘बिने-कामत चाचणी’ या नावाने ती महाराष्ट्र व कर्नाटकात अनेक दशके वापरली गेली. पुढे सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये ठोकळे जुळवणे, आकृती काढणे, चित्राचे तुकडे जोडणे अशा पाच कृतींची चाचणी प्रसिद्ध केली. वाचता-लिहिता न येणाऱ्या माणसाचीही बुद्धी असते आणि ती हाताच्या कामातून दिसते, हे त्यामागील तत्त्व होते.

चाचणी आपल्या भाषेत आली तरी ती कायमची अचूक राहत नाही. न्यूझीलंडचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८४ आणि १९८७ मध्ये दाखवून दिले की अनेक देशांत बुद्धिचाचणीचे सरासरी गुण दर दहा वर्षांनी साधारण तीन अंकांनी वाढत गेले. एवढ्या थोड्या काळात माणसाची आनुवंशिकता बदलत नसते. बदलले ते शिक्षण, आहार, आरोग्य आणि कुटुंबाचा आकार. म्हणजेच परिस्थिती पालटली की अंकही पालटतो.

धानाचे बी आणि बांधीची माती

येथे कोणी विचारील, मग बुद्धीत आनुवंशिकतेचा काहीच भाग नाही का? भाग आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून हे दिसून आले आहे की एकाच समाजातील व्यक्तीव्यक्तींमधील फरकात आनुवंशिकतेचा वाटा असतो. परंतु यावरून दोन समाजांमधील फरक जन्मजात ठरत नाही. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये यासाठी बियाण्याचा दृष्टान्त दिला. आपण तो धानावर घटवून पाहू.

एकाच पोत्यातील सरमिसळ धानाचे बी दोन मुठींत घ्या. एक मूठ गाळाच्या, पाणी असलेल्या बांधीत पेरा. दुसरी मूठ मुरमाड, कोरड्या बांधीत पेरा. प्रत्येक बांधीत काही रोपे उंच आणि काही बुटकी होतील. त्या बांधीपुरता हा फरक बियाण्याचा आहे. मात्र दोन बांध्यांच्या सरासरी उंचीत जो फरक पडेल तो सर्वस्वी मातीचा आणि पाण्याचा. मुरमाड बांधीतील रोपे पाहून “हे बीच हलके” असे म्हणणारा शेतकरी आपल्याला वेडा वाटेल. माणसांच्या बाबतीत मात्र हेच विधान शास्त्र म्हणून मांडले गेले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात चातुर्वर्ण्याची जी चिकित्सा केली, तिच्यात हा मुद्दा आहे. माणसांच्या गुणांची आणि कुवतीची विविधता इतकी आहे की त्यांना चार ठरावीक कप्प्यांत बसवणे आधुनिक शास्त्राच्या दृष्टीने उथळ आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

जातीचा बुद्धीच्या परीक्षेवर कसा परिणाम होतो याचा प्रत्यक्ष प्रयोगही झाला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील भूलभुलैया सोडवायला दिले. सवर्ण ३२१ आणि दलित ३२१ मुले त्यात होती. मुलांची जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांनी सारखीच कोडी सोडवली. नंतर दुसऱ्या तुकड्यांत प्रत्येक मुलाचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली. तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली आणि दोन गटांत मोठे अंतर पडले. कोडी तीच, मुले तशीच, वेळही तेवढाच होता. जातीचा उच्चार एवढीच नवी गोष्ट घडली होती. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

दारिद्र्याचेही असेच आहे. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची पीक निघण्यापूर्वीच्या तंगीच्या काळात आणि पैसे हाती आल्यानंतर अशी दोनदा चाचणी घेण्यात आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तोच शेतकरी तंगीच्या काळात कमी गुण मिळवताना दिसला. कर्जाचा हप्ता, किराणा, मुलांची फी यांतच मन गुंतले असता कोड्यासाठी ते मोकळे राहत नाही. धान घरी येण्यापूर्वीचे दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि धानाचाच विषय निघाला आहे तर नागभीड तालुक्यातील नांदेड या गावच्या दादाजी रामाजी खोब्रागडे यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. दलित कुटुंबात जन्मलेल्या दादाजींचे शिक्षण तिसरीपर्यंत झाले होते आणि शेती दीड एकराच्या आसपास होती. १९८३ मध्ये पटेल-३ जातीच्या धानात त्यांना पिवळसर छटेच्या तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. हजारो लोंब्यांत त्या तीन दिसणे, त्यांचे बी वेगळे जपून ठेवणे, दुसऱ्या वर्षी ते शेताच्या मध्यभागी पेरून रानडुकरांपासून सांभाळणे आणि हंगामामागून हंगाम निवड करत राहणे, असे त्यांचे काम चालले. त्यातून बारीक दाण्याचे, चवदार आणि अधिक उतारा देणारे वाण तयार झाले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. हा तांदूळ आज विदर्भातच नव्हे तर इतर राज्यांतही पिकतो. त्यांनी याशिवाय ‘डीआरके’, ‘विजय नांदेड’, ‘नांदेड-९२’ अशी इतरही वाणे निवडली. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

निरीक्षण, तुलना, नोंद, पुन्हा प्रयोग आणि धीर या गुणांना विज्ञान म्हणतात. तिसरीपर्यंत शिकलेल्या माणसात ते होते. शाळेच्या परीक्षेत ते मोजायला जागा नव्हती. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत असे किती दादाजी शेतमजुरीत, खाणीत, बांबू तोडण्यात आयुष्य काढून गेले असतील याची मोजदाद कोणत्याही चाचणीने केलेली नाही.

यंत्राला आलेली अक्कल

आता यंत्राकडे वळू. १९५० मध्ये ब्रिटिश गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी एक कसोटी सुचवली. पडद्याआडून प्रश्नोत्तरे करताना समोर माणूस आहे की यंत्र हे ओळखता आले नाही, तर त्या यंत्राला विचारी म्हणण्यास हरकत नसावी. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाची संगणक आज्ञावली लिहिली. ती बोलणाऱ्याचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारी. तिला काहीही कळत नव्हते, तरीही लोक तिच्यापाशी मन मोकळे करू लागले. बर्लिनच्या घोड्याचीच ही नवी आवृत्ती होती. समोरच्याला बुद्धी आहे असे मानायला माणूस किती उतावीळ असतो हे येथेही दिसले.

आजची यंत्रे एलायझापेक्षा पुष्कळ पुढे गेली आहेत आणि त्यांचे काम आपल्या जंगलातच पाहायला मिळते. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे मिळाली. त्यांत वाघांची ७६,६५१ होती. एवढा ढीग माणसाने चाळायचा तर वर्षे लागली असती. म्हणून छायाचित्रांतील प्राणी ओळखून वेगळे काढणारी संगणक प्रणाली वापरण्यात आली. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे प्रत्येकाचे निराळे असतात. ते जुळवून प्रत्येक वाघ वेगळा मोजता आला. २०२३ मध्ये ताडोबाच्या बफर क्षेत्रातील सीतारामपेठ गावाभोवती कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे बसवण्यात आले. वाघ दृष्टीस पडताच गावकऱ्यांना आणि वनकर्मचाऱ्यांना सूचना जावी अशी ती योजना होती. वाघ आणि माणूस यांच्यातील संघर्षात माणसे गमावणाऱ्या या जिल्ह्यात अशा साधनाचे मोल कोणी नाकारणार नाही.

पण हे यंत्र शिकते कसे? त्याला हजारो छायाचित्रे दाखवून प्रत्येकावर ‘वाघ’, ‘चितळ’, ‘गाय’, ‘माणूस’ असे नाव लिहून दिले जाते. यंत्र अंदाज करते, चुकले की आतील आकडे थोडे बदलते, पुन्हा अंदाज करते. लक्षावधी वेळा असे केल्यावर त्याचा अंदाज बरोबर येऊ लागतो. जे त्याला दाखवलेच नाही ते त्याला ओळखता येत नाही. वाघ ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला वाघ म्हणजे भय हे ठाऊक नसते, आणि मोहाखाली वाकलेली बाई त्याच्या चौकटीबाहेर असेल तर तिच्यासाठी त्याचा उपयोग नाही. वानराचे खाकरणे ओळखणारा माणूस तेथे लागतोच.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांसमोर आल्यापासून मराठीतही लिहिणारी-बोलणारी यंत्रे घरोघरी मोबाइलवर पोहोचली आहेत. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक हे ती शिकतात. त्यांची मदत मोठी आहे. तथापि ती चुकीची माहितीही तितक्याच ठामपणे देतात, हे विद्यार्थ्यांनी पक्के ध्यानात ठेवावे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०२३ मध्ये ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी अशा यंत्रांना भारतातील जात व धर्म यांविषयी वाक्ये देऊन तपासले. बहुतेक यंत्रांनी जातीविषयीचे रूढ पूर्वग्रहच पुढे केले. यात नवल नाही. समाजाने जे लिहून ठेवले तेच यंत्राने वाचले. कोण हुशार आणि कोण मंद याविषयीचे जुने ग्रह उद्या नोकरीचे अर्ज छाननाऱ्या यंत्रातून आपल्यासमोर येऊ शकतात, आणि तेव्हा समोर वाद घालायला माणूसही नसेल.

ज्या भाषेत लिखाण कमी, त्या भाषेत यंत्रही मुके. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषिकांची संख्या २९ लाखांहून अधिक आहे, पण संगणकावर त्या भाषेतील मजकूर अत्यल्प. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी ‘आदि वाणी’ ही भाषांतर प्रणाली प्राथमिक स्वरूपात खुली केली आणि तिच्यात संताली, भिली, मुंडारी यांच्याबरोबर गोंडीचाही समावेश केला. हे स्वागतार्ह पाऊल आहे. आदिवासी तरुण-तरुणी आपल्या भाषेतील गोष्टी, औषधी वनस्पतींची नावे, शेतीचे ज्ञान स्वतः लिहून ठेवतील तरच ते पाऊल पुढे पडेल.

आपण काय करावे?

वरील विवेचनातून विद्यार्थी मित्रांना आणि पालकांना आम्ही काही गोष्टी सुचवू इच्छितो. एखाद्या परीक्षेने, चाचणीने किंवा यंत्राने तुम्हाला अमुक अंक दिला, तर चार प्रश्न अवश्य विचारा. प्रश्न कोणी तयार केले? कोणत्या भाषेत विचारले? ज्याची परीक्षा झाली त्याची त्या दिवसाची स्थिती काय होती? आणि या परीक्षेत कोणते गुण मोजलेच गेले नाहीत? याचा अर्थ परीक्षा टाळाव्यात असा मुळीच नाही. स्पर्धा परीक्षा द्यायच्याच आहेत आणि जिंकायच्याही आहेत. बिने यांनी म्हटल्याप्रमाणे लक्ष, स्मरण आणि निर्णय सरावाने वाढतात, म्हणून अभ्यासाला पर्याय नाही. मात्र मिळालेला अंक हा त्या दिवसाच्या त्या परीक्षेचा आहे, तो तुमच्या जन्माचा दाखला नव्हे.

शिक्षक बंधू-भगिनींना एक नम्र विनंती आहे. शिष्यवृत्तीच्या याद्या जातवार भर वर्गात वाचून दाखवण्याची पद्धत कित्येक शाळांत रूढ आहे. हेतू चांगला असतो. परंतु उत्तर प्रदेशातील प्रयोगाने दाखवून दिले की एवढ्यानेही मुलांची बुद्धी आखडते. ही कामे कार्यालयात, मुलाला एकट्याला बोलावून करता येतात. त्याला खर्च लागत नाही.

मूल मागे पडते असे दिसले तर त्याला ढ ठरवण्याआधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत, ते सकाळी काय खाऊन येते ते पाहावे, घरी कोणती भाषा बोलते ते विचारावे. हत्तीच्या परीक्षेत संशोधकांनी काठी बाजूला ठेवून ठोकळा आणला तेव्हा हत्ती उत्तीर्ण झाला. आपल्या मुलांसाठी तो ठोकळा आणणे हे संस्थेच्या अभ्यासिकेत शिकवणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला जमण्यासारखे काम आहे. येत्या सत्रात आपण सर्वांनी ते हाती घ्यावे, ही विनंती.